बेण्याचा कोपरा

वैशाखात नदी आटायला लागली की तिच्या चिखलाला एक वास सुटतो. कुजलेला करंजाचा पाला, शेवाळ, गोगलगायींचे शिंपले आणि खाली कुठेतरी दडून बसलेला मासा, असं सगळं त्यात असतं. झरीहून लग्न होऊन डहाणूत आले तेव्हा सुरुवातीला मला या वासाची फार आठवण यायची. मी नवऱ्याला सांगायचे, तुमच्या खाडीच्या चिखलात नुसता खारेपणा, आमच्या झरीच्या चिखलाला चव असते. तो हसायचा. आता मी असलं काही सांगत नाही. बारा वर्षं झाली, तो वास मला नकोसा होतो, आणि तरी दर वैशाखात मी तिकडे जाते, कारण न जाण्याइतकं धाडस माझ्यात नाही.

यंदा बाबांनी स्वतः फोन केला. एरवी शेजारच्या कुणाकडून तरी निरोप येतो.

"बाय, डोह आटला. येशील नं?"

"येते की. दरवर्षीच येते."

"दरवर्षी येतेस ती काठावर बसाया. यंदा तुझा हात लागंल."

का, ते मी विचारलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. सुट्टी लागली होती. मुलीला तिच्या आजीपाशी ठेवलं आणि सकाळची एसटी धरली.

चिकूच्या वाड्या संपल्या की रस्ता एकदम उघडा पडतो. ताडांना लटकलेली मडकी, राब भाजून काळे पडलेले शेतांचे तुकडे, धुळीनं माखलेले पळस. या दिवसांत आमचा मुलूख कुणाला दाखवावा असा नसतो. पाहुणे पावसाळ्यात येतात, हिरव्या डोंगरापुढे उभे राहून फोटो काढतात आणि "काय नशीबवान तुम्ही" म्हणून जातात. वैशाखातली नदी बघायला कुणी येत नाही. ती खडकांमधून तुकड्या-तुकड्यांनी उरते, आणि ज्यांना पळता येत नाही ते त्या तुकड्यांत दिवस काढतात.

आमच्या पाड्यापाशी उरतो तो करंजाचा डोह. काठावर चार जुने करंज आहेत म्हणून करंजाचा. शिमगा झाला की जाणती माणसं त्याच्या वरच्या कोपऱ्यात, करंजाच्या मुळांपाशी, बांबूची एक काठी रोवतात आणि तिला आंब्याचा डहाळा बांधतात. हा बेण्याचा कोपरा. हळदीचं, आल्याचं बेणं जसं खायचं नसतं, पुढच्या सालासाठी राखायचं असतं, तसं हे माशांचं बेणं. वैशाखात एक दिवस ठरवून सगळा पाडा डोहात उतरतो, पायांनी चिखल ढवळतो, टोपल्यांनी मासे धरतो, आरडाओरडा, हसणं, चिखलफेक सगळं होतं. पण त्या काठीच्या पलीकडे कुणी पाऊल टाकत नाही. लहानपणी मी एकदा टाकलं होतं, तेव्हा आईनं सगळ्यांदेखत माझ्या पाठीत धपाटा घातला होता.

सूट फक्त एकाला. घरात बाळंतीण असेल, किंवा दुखण्यातून उठलेलं माणूस असेल, तर त्या घरच्या एकानं कोपऱ्यात नुसत्या हातानं चाचपायचं आणि एकच मांगूर काढायचा. नदी पुन्हा वाहायला लागायच्या आत दुसरीकडून दोन जिवंत मांगूर आणून तिथे सोडायचे. दोन का, तर एक जगेल, एक जाईल. आणि ते विकतचे नकोत. बेणं मागून आणावं नाहीतर शोधून आणावं, विकतचं बेणं रुजत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. शिकले-सवरले तसा मला हा शुद्ध भाबडेपणा वाटायला लागला होता.

मांगूर दिसायला कुणाला आवडावा असा मासा नाही. अंगावर खवलं नाहीत, रंग चिखलाचा, डोकं चपटं, तोंडाभोवती आठ मिशा. त्याला कल्ले असतात, पण तेवढ्यावर त्याचं भागत नाही. कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या पोकळीत, फांद्या फुटल्यासारखा एक लाल अवयव असतो आणि त्यानं तो आपल्यासारखी हवा घेतो. थोड्या थोड्या वेळानं वर येतो, एक घोट हवा पितो आणि पुन्हा तळाला जातो. त्याला वर येऊच दिलं नाही तर पाण्यात असूनही गुदमरतो. हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं एकमेकांकडे बघतात. बाई काहीही सांगतात, असं त्यांच्या तोंडावर दिसतं.

पाणी आटलं की तो चिखलात शिरतो आणि ओलावा असेतोवर तग धरतो. पाऊस लागला की छातीच्या दोन काट्यांवर रेटा देत, ओल्या गवतातून अंग ओढत शेतात येतो. भाताच्या बांधाखाली बिळात मादी अंडी घालते आणि आपल्या वाटेनं जाते. मागे नर राहतो. मी सात-आठ वर्षांची असताना बाबांनी मला बांधावर पालथं निजवून तसलं एक बीळ दाखवलं होतं. गढूळ पाण्यात मला आधी काहीच दिसेना. मग दोन मिशा हलल्या.

"बापूस हाय तो," बाबा कुजबुजले. "शेपटीनं पानी हलवत बसलाय. अंड्यांना वारा घालतो."

"किती दिवस बसणार?"

"पोरं पोहाया लागंपत्तर."

मग त्यांनी माझा अंगठा धरून, त्याच दिवशी पकडलेल्या एका मांगराच्या मानेवर फिरवला होता. डोक्याचं कडक हाड जिथे संपतं तिथे मधोमध एक निमुळतं टोक असतं, भाताच्या दाण्याएवढं. "डोळं नसलं तरी चालंल," ते म्हणाले, "ह्या टोकावरून आपला मासा वळखायचा." मला ते तेव्हा गंमतीचं वाटलं. दुसरा कुठला मासा असणार होता, की ज्यातून आपला ओळखायचा?

आता बारा वर्षांपूर्वीच्या त्या वैशाखाबद्दल सांगते.

माझं बाळंतपण अवघड गेलं. रक्त फार गेलं होतं. महिनाभरानं आई मला झरीला घेऊन आली तेव्हा मी भिंत धरून चालत होते, आणि दवाखान्यातल्या गोळ्या पोटात ठरत नव्हत्या. आईचं म्हणणं एकच, हिला मांगूर घाला, रक्त भरेल. बाबा पहाटेच कोपऱ्याकडे गेले आणि ऊन चढल्यावर रिकाम्या हातांनी परत आले. दोन्ही हातांना खांद्यापर्यंत चिखल वाळलेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आई चिडून म्हणाली, "तिथं जाऊन झोपतोस का काय?" मी खाटेवर पडल्या पडल्या हसले. चौथ्या दिवशी ते दुपारी उशिरा आले. हातात पाण्याचा डबा होता. डबा आईपुढे ठेवून ते ताडाखाली जाऊन बसले.

आईनं हळद, लसूण आणि कोकम घालून पातळ कालवण केलं. त्यात गाभोळी होती, माशाच्या पोटातली अंडी, चांगली वाटीभर. ती तिनं वेगळी काढून माझ्या ताटात घातली. मी ती कण न ठेवता खाल्ली आणि अजून आहे का म्हणून विचारलं. आई म्हणाली, "नाही गं." तिनं स्वतः त्या कालवणाला हात लावला नव्हता. बाबांनी तर त्या दिवशी नुसतं नाचणीच्या भाकरीवर भागवलं. मला वाटलं, सगळं मला मिळावं म्हणून असेल.

पुढे बाबांना हिवताप झाला आणि ते अंथरुणाला खिळले. मी डहाणूला परतले होते. ज्येष्ठ निम्मा होत आला तसा आईचा रोज फोन, "बाय, दोन सोडायचे राहिलेत. नदी वाहायला लागली तर देणं आपल्या घरावर राहील." कोण शोधणार? नवऱ्याला मासा म्हणजे पापलेट आणि बोंबील. शेवटी एका सकाळी मुलीला सासूबाईंकडे दिलं आणि मी बाजारात गेले. धाकट्या डहाणूच्या कोळणींची रांग जिथे संपते त्याच्या पुढे, भिंतीला टेकून, एक माणूस निळ्या टबात जिवंत मांगूर घेऊन बसला होता. काळे, धष्टपुष्ट, एकमेकांवर चढणारे.

"घ्या बेन, एकदम जिवंत. दोन दिवस पाण्याबाहेर ठेवा, काय नाय होणार."

शेजारची कोळीण माझ्याकडे बघून म्हणाली, "समुद्र सोडून ह्यो चिखल कशाला खातेस गो?"

"खायला नाही, सोडायला पाहिजेत," मी म्हणाले.

ती पुन्हा आपल्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी वेडी असावे असं तिला वाटलं असणार.

दोन घेतले. विकतचे, हे मनात टोचत होतं, पण मी विज्ञानाची पदवीधर. माशाला काय कळतंय तो विकला गेला ते? तेलाच्या डब्यात पाणी घालून, झाकणाला भोकं पाडून, डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, "बाई, डब्यात काय?" मी मासे म्हटलं. "वास मारेल." जिवंत आहेत म्हटलं. "मग उतरताना विसरू नका, नाहीतर ते डेपोत जातील," तो म्हणाला. बस हसली, मीही हसले. इतक्या महिन्यांनी मला बरं वाटत होतं. बाबांना जमलं नाही ते मी करत होते.

कोपऱ्यात आईनं पाण्याला हळद-कुंकू वाहिलं आणि मी डबा तिरका केला. दोघे सळकन गेले. घरी बाबा गोधडीखाली कुडकुडत होते. त्यांनी विचारलं, "कसं व्हते?"

"मोठे होते."

"कुठनं आणलंस?"

"आमच्या घरामागच्या तळ्यातून," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, मी सुटले.

पुढच्या वैशाखात, सोडलेलं बेणं जगलं का ते बघायला त्यांनी कोपऱ्यात हात घातला, आणि एक मांगूर लागला. त्यांनी अंगठा मानेवर फिरवला. पुन्हा फिरवला. मग तो मासा त्यांनी कोपऱ्यात सोडला नाही, टोपलीत टाकला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या तळ्यातलं मांगूर असंच असतात का?" मी म्हटलं, असतील. सांगायचं असतं तर तो क्षण होता. पण पाड्यावरची माणसं आजूबाजूला होती, मुलगी कडेवर होती, आणि कारणं काय, शोधली की सापडतात.

मला नेमकं कळलं ते शाळेत. एका प्रशिक्षणात पडद्यावर दोन माशांची डोकी शेजारी शेजारी दाखवली. एकाच्या मानेवर एक निमुळतं टोक. दुसऱ्याचं हाड रुंद, मध्ये खाच आणि दोन टोकं. हा दुसरा आफ्रिकेतून आलेला, पाळायला सोपा, वाढायला भराभर, आणि जे तोंडात मावेल ते खाणारा. त्याला बंदी आहे, तरी बाजारात चोरून येतो, असं ते गृहस्थ सांगत होते. मी वहीत आकृती काढली. नीट काढली, नावंही दिली. मग पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि व्हरांड्यात बराच वेळ उभी राहिले.

त्यानंतर डोह दरवर्षी थोडा थोडा रिकामा होत गेला. लहान मासळीत आधी मळ्या गेल्या, मग खवल्या, मग मुरे. बेडकांचा आवाज विरळ झाला. पाड्यावरचे लोक म्हणत, वरच्या अंगाला फवारण्या वाढल्यात, वाळू उपसतात, बांध घातलाय. तेही खरंच होतं. वर कुणी तळी करून हेच मासे पाळले असतील, पुरात ते खाली आले असतील, हेही शक्य होतं. मी या सगळ्याला मान डोलवायचे. माझ्या दोन माशांनी सगळी नदी बिघडवली असं कुठलंही विज्ञान म्हणणार नाही. पण त्या कोपऱ्यात ते माझ्या हातांनी गेले होते. विकतचं बेणं रुजत नाही म्हणतात, तेवढंच खोटं ठरलं. आई तीन वर्षांपूर्वी गेली. तिलाही मी सांगितलं नाही.

यंदा डोहावर आम्ही दोघंच होतो. पाडा आता उतरत नाही. टोपल्यांत येणार काय? काठी मात्र बाबांनी रोवली होती. डहाळा वाळून खडखडत होता. बाबा काठावर बसले आणि त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"साखरेनं बोटं बधिर झाली. टोक एक का दोन, कळत नाय. दरसाल दोनवाले काढतो. चुकून आपला टोपलीत गेला तर? म्हनून तुला बोलावलं."

म्हणजे ते दर वैशाखात इथे येऊन माझी चूक उपसत होते, आणि मी काठावर बसून बघत होते. आता आणखी गप्प बसणं मला शक्य झालं नाही. आमच्याकडे बापाला अरे-तुरेच करतात, पण त्या दिवशी तेही जड गेलं.

"बाबा, ते दोन तळ्यातले नव्हते. मी बाजारातून विकत आणले होते. तुला खोटं सांगितलं."

ते काटकीनं पायाचा चिखल खरवडत होते. हात थांबला नाही.

"ठावं हाय. तुझ्या घरामागं तळं कुटं हाय? मी काय आलो नाय कधी तुझ्या घरी?"

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मी पन गप बसलोच व्हतो." त्यांनी काटकी टाकली. "तुला खाया घातली ती मांगूर आठवते? तीन दिस सगळा कोपरा चाचपला, मूळ न मूळ. कायच नाय. चौथ्या दिसाला ती एकच घावली. पोट भरलेलं, अंड्यावर आलेली. अशी काढायची नसते."

"सोडायची होतीस मग."

"सोडली व्हती. घराकडं निघालो पन. अर्ध्या वाटंतनं मागं फिरलो." ते डोहाकडे बघत होते. "तू पांढरीफटक पडलेली, बाय. पोरगी अंगावर पित व्हती तुझ्या."

"ती शेवटची होती?"

"ह्या कोपऱ्यातली व्हय. बाकी कुटं असंल तर नदीला ठावं."

माझ्या जिभेवर त्या गाभोळीची चव आली. हळद, कोकम, तो किंचित कडवटपणा. अजून आहे का म्हणून मी विचारलं होतं. आईनं बघितली होती ती वाटीभर अंडी, तिला कळलं नसेल असं होणार नाही. बारा वर्षं मी समजत होते की भरल्या घरात मी चोर सोडले. घर तर आधीच रिकामं झालं होतं, आणि ते माझ्या ताटात आलं होतं. याचा राग मला कुणावर करता येत नव्हता. जगले होते मी, आणि माझी लेक त्या दुधावर वाढून आता माझ्या खांद्याला लागते. मला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण बाबांसमोर ते बरं दिसलं नसतं.

"उतर," ते म्हणाले. "ऊन चढंल."

मी साडी खोचली आणि काठीच्या पलीकडे पाऊल टाकलं. चिखल पोटरीपर्यंत आला, वरून ऊन, आत गार. करंजाच्या मुळांखाली हात घातला. कुजका पाला, खडा, पुन्हा पाला. मग बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं आणि सरकलं. मी मुळाशी कोंडून, काटे चुकवून, दोन बोटांत डोकं दाबून धरलं. त्याच्या मिशा माझ्या मनगटाला लागत होत्या. अंगठा मानेवर नेला, लहानपणी बाबांनी फिरवला होता तसा फिरवला.

"एक का दोन?" बाबांनी विचारलं.

ते पुढे झुकले होते. खोटं बोलणं सोपं होतं, मला सरावही होता. एक म्हटलं असतं तर म्हातारा समाधानानं घरी गेला असता, आणि तो मासा कोपऱ्यात परत गेला असता.

"दोन," मी म्हणाले.

त्यांनी टोपली माझ्याकडे सरकवली.

"टाक हीत. अन् परत घाल हात."